मदत हवी आहे : ऊसतोड कुटुंबांना थेट रोख मदत, उचलीआधी एकरकमी की दरमहा?

नमस्कार.

गावच्या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांचा आमचा एक नोंदणीकृत न्यास आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगेतील एका वस्तीवर आम्ही गेली काही वर्षे दिवाळीला किराणा, शाळा उघडताना वह्या-दप्तरे आणि एकदा शिलाई यंत्रे अशी मदत देत आलो आहोत. या वर्षी वस्तूंऐवजी पैसेच थेट कुटुंबांच्या खात्यात जमा करावेत असा ठराव झाला आहे. वस्तीवर 40 कुटुंबे असून आमच्याकडे 12 लाख रुपये आहेत, म्हणजे सरसकट दिल्यास प्रत्येक घराच्या वाट्याला 30,000 रुपये येतात. ही रक्कम एकदम द्यावी की दरमहा 2,500 रुपयांप्रमाणे वर्षभर द्यावी, यावर विश्वस्तांचे एकमत होत नाही, म्हणून हा धागा काढला आहे.

वस्तीवरील बहुतेक जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि त्या कोयत्यामागे मुकादमाने, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराने, आधीच उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) दिलेली असते. ही उचल साधारण पावसाळ्यात, घरातले धान्य संपलेले असताना, पेरणी, आजारपण किंवा उरकलेल्या लग्नाचे देणे यांसाठी घेतली जाते; पुढे फडात (तोडणीच्या शेतात) पडलेल्या प्रत्येक खाड्याचे पैसे तिच्यात चढतात आणि हंगामाच्या शेवटी ती फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. हे पाहता, जूनमध्ये हाती आलेले दहा हजार आणि जानेवारीत आलेले दहा हजार ही एकाच किमतीची मदत आहे असे मला वाटत नाही. जूनमधल्या पैशामुळे उचल कमी घेता येईल, अशी माझी आशा आहे.

‘सरकार देतेच आहे, मग तुम्ही कशाला?’ असे विचारले जाईल, म्हणून आधीच लिहितो. पीएम-किसानचे वर्षाला 6,000 रुपये ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांनाच मिळतात आणि वस्तीवरील निम्म्याहून अधिक घरे भूमिहीन आहेत. 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1,500 रुपये पात्र स्त्रियांना मिळू लागले, त्याने दुकानदाराची उधारी आटोक्यात आली, असे त्या स्वतः सांगतात. उचल मात्र कमी झालेली दिसत नाही, कारण तिची रक्कम या हप्त्यांच्या कितीतरी पट असते.

जे वाचले ते थोडक्यात मांडतो. मध्य प्रदेशात 2011 मध्ये ‘सेवा’ या श्रमिक स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने इंदूर परिसरातील आठ गावांत, कोणतीही अट न घालता, प्रत्येक प्रौढाला दरमहा 200 आणि प्रत्येक मुलामागे 100 रुपये दिले; ही रक्कम पुढे 300 आणि 150 करण्यात आली. मुलांचा वाटा आईच्या हाती जात असे. एका आदिवासी गावात याच धर्तीवर वेगळा प्रयोग झाला आणि तेथे लोकांनी बी-बियाणे व खतांवर अधिक खर्च करून दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी केली व स्वतःच्या शेतात जास्त काम केले. दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. आमच्या एका विश्वस्तांची हीच मोठी शंका होती. ती माझ्यापुरती मिटली आहे, त्यांची मिटलेली नाही.

दुसरा दाखला केनियाचा आहे. तेथील रारिएडा भागात ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने 2011 ते 2013 या काळात गरीब कुटुंबांना मोबाइलवरून पैसे दिले. काहींना दरमहा आणि काहींना एकदम, काही घरांत पतीला आणि काहींत पत्नीला, अशी विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केल्यामुळे तुलना करता आली. दरमहा पैसे मिळालेल्या घरांत अन्नाची शाश्वती जास्त वाढली. एकदम पैसे मिळालेल्यांनी गवती छपराच्या जागी पत्रे घातले आणि इतर टिकाऊ वस्तू घेतल्या. पैसे पतीला मिळाले की पत्नीला, याने फारसा फरक पडला नाही, ही गोष्ट मला अनपेक्षित होती आणि आपल्याकडे ती तशीच लागू पडेल असे मी गृहीत धरणार नाही. त्याच अभ्यासात पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचे समाधान काही काळ घटल्याचेही दिसले, त्यामुळे निवडक वीस घरांना दुप्पट रक्कम देण्याची सूचना आम्ही सोडून दिली आहे.

जाणकारांनी कृपया तीन बाबींवर लिहावे. जूनमधील एकरकमी मदतीने उचल खरोखर कमी होते का, की ती घेतलीच जाते आणि आमची रक्कम वेगळी खर्च होते? पैसे नेमके कोणाच्या खात्यावर टाकावेत? आणि कुटुंब सहा महिने गावाबाहेर असताना दरमहाचा हप्ता त्यांच्या हाती कसा पडेल? अनुभवावर आधारित उत्तरे मिळाल्यास उपकार होतील.

प्रतिसाद

मी मराठवाड्यात बरीच वर्षे बचत गटांसोबत काम केले आहे, त्या आधारे लिहीत आहे.

30,000 रुपयांनी उचल थांबणार नाही, हे आधी स्वीकारावे. कोयत्यामागे 50 हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत उचल दिली जाते आणि ती घेतल्याशिवाय टोळीत जागाही मिळत नाही, म्हणजे ती कर्जाइतकीच कामाची हमीही आहे. उचल कमी घेणारी माणसे मात्र मी पाहिली आहेत, आणि कमी उचलीचा अर्थ असा की पट्टा पडताना हातात चार पैसे उरतात व पुढच्या वर्षी मुकादम बदलता येतो. आपण ‘उचल घेतली की नाही’ हे न मोजता ‘मागील वर्षापेक्षा किती कमी घेतली’ आणि ‘किती बाकी पुढे गेली’ हे विचारावे.

आपल्या लिखाणात न आलेला एक धोका आहे. मुकादम पुष्कळदा त्याच पंचक्रोशीतला, कधी भावकीतलाच असतो. सर्वांच्या खात्यात एकाच दिवशी मोठी रक्कम येणार हे त्याला कळले, की जुनी बाकी मागायला तो त्याच संध्याकाळी दारात उभा राहील. बाकी फेडणे वाईट नव्हे, पण तो निर्णय दबावाखाली होऊ नये. त्यामुळे रकमेचा गाजावाजा टाळावा, धनादेश-वाटपाचा कार्यक्रम आणि फलक तर नकोच.

खात्यांबाबत अधिक सावध राहावे. दोन वर्षे व्यवहार नसलेली खाती निष्क्रिय झालेली असतात. काहींची पूर्ण ओळखपत्रे न देता उघडलेली छोटी खाती असतात. त्यांत 50,000 रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि महिन्याला 10,000 रुपयांपर्यंतच काढता येतात. एकरकमी रक्कम तेथे टाकलीत तर पेरणीच्या आठवड्यात ती अडकून पडेल. दोन महिने आधी प्रत्येक खात्यात एक रुपया पाठवून पाहावा आणि ज्यांचा अडला असेल त्यांना सोबत घेऊन शाखेत जावे. ऊस तोडून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे बँक मित्राच्या (गावोगावी बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या प्रतिनिधीच्या) यंत्रावर अंगठा उमटत नाही, हेही लक्षात घ्यावे. शक्य त्या घरात एटीएम कार्ड आधी मिळवून द्यावे.

खाते बाईचेच असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. केनियात काय दिसले ते आपण लिहिले आहे, पण कोयत्याचा हिशेब येथे पुरुषाशी होतो आणि निम्मे काम करणाऱ्या बाईच्या नावावर त्यातला एक रुपयाही पडत नाही.

प्रतिसाद

केनियाचा उल्लेख आला आहे म्हणून थोडी भर घालतो. त्याच संस्थेच्या नंतरच्या एका मोठ्या प्रयोगात काही गावांना दोन वर्षे दरमहा, काहींना बारा वर्षे दरमहा आणि काहींना सगळे एकदम, असे पैसे ठरले. छोटे उद्योग सुरू करण्यात एकदम पैसे मिळालेले लोक दोन वर्षांच्या मासिकवाल्यांच्या पुढे निघाले. बारा वर्षांची खात्री असलेल्यांनी मात्र आपसांत भिशा लावून मासिक पैशाची मोठी रक्कम करून घेतली. आपला निधी एका वर्षाचाच असल्याने मासिक पर्याय त्यातल्या त्यात दुबळा ठरेल असे वाटते. शिवाय दुसऱ्या वर्षाची खात्री नसेल तर तसे आधीच सांगावे. नाही तर लोक त्या भरवशावर उधारी करतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आपले प्रतिसाद विश्वस्तांच्या बैठकीत वाचून दाखवले. मुकादम जुनी बाकी वसूल करेल हा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आला नव्हता.

सध्या असा आराखडा ठरत आहे : मृग लागण्यापूर्वी 18,000 रुपये बाईच्या खात्यावर, एकाच दिवशी सर्वांना न देता दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने, आणि नोव्हेंबर ते एप्रिल दरमहा 2,000 रुपये त्या घरी मागे राहणाऱ्या आजी किंवा आजोबांच्या खात्यावर. मुले त्यांच्याकडेच राहतात, आणि या काळात घर दुकानदाराच्या उधारीवर चालते. मासिक पैशाने अन्नाची शाश्वती वाढते हे खरे असेल, तर त्याची गरज फडापेक्षा इथे अधिक आहे. रक्कम यंदापुरतीच आहे, हे घरोघर जाऊन सांगणार आहोत.

अडचण उरली आहे ती सात-आठ घरांची. त्यांच्याकडे मागे राहणारे कोणी नाही, मुलांनाही सोबत न्यावे लागते आणि हंगामभर दाराला कुलूप असते. त्यांना सगळे 30,000 जूनमध्येच द्यावेत, तर इतर घरांपेक्षा त्यांना एकदम जास्त मिळाल्याची कुरबुर होईल. हिवाळ्यातील वाटा त्यांच्याच खात्यावर पाठवावा, तर कोपीपासून (मजुरांच्या तळावरील झोपडीपासून) एटीएम किती दूर असेल आणि खाडा पाडून जाणे परवडेल का, हे आम्हाला सांगता येत नाही. सांगली-कोल्हापूरकडे कारखान्यांच्या परिसरात राहणाऱ्या किंवा साखरशाळेत (ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेत) शिकवलेल्या कोणी येथे असल्यास कृपया लिहावे : हंगामात कुटुंबे पैसे कोठून काढतात, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी बँक मित्र तळावर येतो का?