मदत हवी आहे: पुढच्या शॉकअपमध्ये ऑइल कोणतं आणि नेमकं किती?

मंडळी, दीडशे सीसीची जुनी गाडी आहे. ब्रेक दाबला की पुढून पार बसते, शिवाय उजव्या पाइपवर तेलाचे ओघळ. सील बदलायला शॉकअप उतरवले. डावीकडून काळपट, कुबट वासाचं तेल निघालं, उजवीकडून त्याच्या जेमतेम निम्मं. सीलमधून गेलं की मागच्या वेळी मेकॅनिकने अंदाजपंचे ओतलं होतं, देव जाणे.

मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू (तेलाच्या घट्टपणाची ग्रेड) आहे. पण एका कंपनीचं १०डब्ल्यू दुसरीच्यापेक्षा बरंच घट्ट निघू शकतं, म्हणून ४० अंश सेल्सिअसचा सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक) आकडा ताडून बघणार आहे. माझं वजन ९० किलो, मागे बहुधा कोणीतरी असतंच. थेट १५ घालू, की एकाच कंपनीचं १० आणि १५ निम्मं निम्मं मिसळू? जाड तेलाने हालचाल फक्त मंदावते, भार स्प्रिंगच पेलते, हे कळतं. तरी मोह होतोय.

खरा घोळ मोजण्याचा. मॅन्युअल मिलिलिटर सांगतं, पण आत चिकटून राहिलेल्या जुन्या तेलाचं काय? माझा बेत असा: स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली दाबलेला, दहा-बारा वेळा पंप करून हवा काढायची, मग वरच्या काठापासून तेलापर्यंत पट्टीने अंतर मोजायचं. जास्तीचं सिरिंजला नळी लावून ओढेन. दोन्हीकडे अंतर सारखं आलं की पुरे, की मिलिलिटरही जुळायलाच हवेत?

चाक काढून ठेवलंय, गाडी विटांवर उभी आहे. जरा लवकर सांगा.