फायरफॉक्स ५७: वेगासाठी जुनी अ‍ॅड-ऑन बंद करणे योग्य होते का?

(ही चर्चा ५७वी आवृत्ती नुकतीच आली तेव्हाची, म्हणजे २०१७ अखेरची आहे; तीतल्या सोयी, मर्यादा आणि सूचना त्या वेळच्या आहेत. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव दिले आहे.)

तळटीप

मोझिला या संस्थेने १४ नोव्हेंबर २०१७ रोजी आपल्या फायरफॉक्स या ब्राउझरची ५७वी आवृत्ती ‘क्वांटम’ या नावाने प्रसिद्ध केली. सहा महिन्यांपूर्वीच्या आवृत्तीपेक्षा ती दुपटीहून अधिक वेगवान असल्याचे मोझिला सांगते, आणि हा वेग पाने उघडताना जाणवतो, हे मी आधीच मान्य करतो. माझा आक्षेप दुसऱ्या बदलाला आहे. फायरफॉक्सच्या अंतर्गत रचनेला थेट हात घालणारी, एक्सयूएल या जुन्या तंत्रावर आधारलेली सर्व जुनी अ‍ॅड-ऑन (ब्राउझरला जादा सोयी देणारी पूरक साधने) या आवृत्तीपासून बंद झाली असून यापुढे फक्त ‘वेबएक्स्टेन्शन’ या मर्यादित पद्धतीची अ‍ॅड-ऑन चालतील.

यात नेमके काय गेले, ते डाउनदेमऑल या एकदम अनेक फायली उतरवणाऱ्या अ‍ॅड-ऑनच्या उदाहरणाने सांगतो. जुन्या मासिकाच्या एखाद्या अंकाची स्कॅन केलेली दीडशे पाने एखाद्या संग्रहात दीडशे वेगवेगळ्या दुव्यांवर ठेवलेली असतात. डाउनदेमऑल उघडले की पानावरचे सगळे दुवे यादीत येत. गाळणी लावून त्यांतल्या फक्त चित्रांच्या फायली निवडता येत. नावाचा साचा एकदा ठरवून दिला की प्रत्येक फाइल अनुक्रमांकासह जागच्या जागी पडे. आणि जोडणी मध्येच तुटली तर राहिलेला भाग तिथून पुढे उतरवला जाई. वेबएक्स्टेन्शनला फायली साठवण्याची जी सोय दिलेली आहे, तिच्यात यांपैकी काही काम बसत नाही. ब्राउझरला जुने रूप परत देणाऱ्या क्लासिक थीम रिस्टोररचीही हीच गत झाली, कारण ब्राउझरचे रूप हवे तसे बदलण्याची मुभाच नव्या पद्धतीत नाही.

लोकांनी फायरफॉक्स निवडला तो आपल्या कामाप्रमाणे वळवता येतो म्हणून. ती मुभा काढून घ्यायचीच होती, तर पर्यायी सोयी आधी तयार करायच्या आणि मग जुने दार बंद करायचे, हा क्रम का पाळला गेला नाही?

अक्षरबंध

तळटीप यांनी डाउनदेमऑलचे वर्णन अचूक केले आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. जुनी अ‍ॅड-ऑन इतकी समर्थ होती, कारण त्यांच्यात आणि ब्राउझरमध्ये कुंपणच नव्हते. एकदा बसवलेले अ‍ॅड-ऑन तुमच्या संगणकावरच्या फायली वाचू शकत होते, साठवलेल्या पासवर्डांपर्यंत पोहोचू शकत होते आणि फायरफॉक्सचे कुठलेही अंतर्गत कार्य बदलू शकत होते. वेबएक्स्टेन्शनला आपल्याला कशाकशाची परवानगी हवी आहे, हे आधी जाहीर करावे लागते आणि ती यादी बसवण्यापूर्वी वापरकर्त्याला दिसते. ज्या ब्राउझरमधून आपण बँकेचे व्यवहार करतो, त्यात हा फरक मला फार मोठा वाटतो.

दुसरे कारण रचनेचे आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या ४८व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सने पाने वेगळ्या प्रक्रियेत (संगणकावर स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रोग्रामच्या भागात) चालवायला सुरुवात केली आणि जून २०१७ च्या ५४व्या आवृत्तीत अशा चार प्रक्रिया आल्या. एका टॅबमधले पान कोलमडले तरी सगळा ब्राउझर बंद पडू नये, हा त्यामागचा हेतू होता. जुनी अ‍ॅड-ऑन मात्र ब्राउझरची खिडकी आणि आतले पान एकाच प्रक्रियेत आहेत, असे गृहीत धरून लिहिलेली होती. ती चालावीत म्हणून मध्ये जी तडजोडीची व्यवस्था ठेवली होती, तिनेच ब्राउझर मंदावत होता. शिवाय आतला एखादा भाग सुधारला की कोणते ना कोणते अ‍ॅड-ऑन मोडणार, म्हणून सुधारणा लांबणीवर टाकायच्या, हे चक्र किती वर्षे चालू ठेवायचे?

आणि ही गोष्ट अचानक घडलेली नाही. एक्सयूएलची अ‍ॅड-ऑन जाणार, हे मोझिलाने ऑगस्ट २०१५ मध्येच जाहीर केले होते. सव्वादोन वर्षांची पूर्वसूचना कमी नसते.

पानकळा

मी तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग चालवतो, त्यामुळे माझी बाजू थोडी वेगळी आहे. इथले बहुतेक संगणक दोन जीबी रॅमचे आणि दोन गाभ्यांच्या (कोअरच्या) प्रोसेसरचे आहेत. शिकायला येणाऱ्यांपैकी कुणी डाउनदेमऑलचे नावही ऐकलेले नसते. त्यांना परीक्षेचा अर्ज भरायचा असतो, निकाल पाहायचा असतो, आणि पान उघडायला वेळ लागला की तेवढा वेळ मागचा मुलगा खोळंबतो.

क्वांटममधले पानाचे रंगरूप ठरवणारे इंजिन रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिलेले आहे आणि ते हे काम प्रोसेसरच्या सर्व गाभ्यांवर वाटून करते. त्यामुळे दोन गाभ्यांच्या जुन्या यंत्रालाही त्याचा लाभ मिळतो, आणि तो मला वर्गात रोज दिसतो. ज्यांच्याकडे कमी रॅम आहे त्यांच्यासाठी एक सूचना: ५७व्या आवृत्तीत पर्यायांमधल्या ‘जनरल’ या भागात ‘परफॉर्मन्स’खाली सुचवलेली सेटिंग वापरण्याची खूण काढली, की पानांच्या प्रक्रियांची मर्यादा बदलता येते. मी ती चारावरून दोनवर आणली आहे आणि आमच्या यंत्रांना ती मानवली आहे.

जाणकारांची गैरसोय होते आहे, हे मला समजते. पण ज्यांनी आयुष्यात एकही अ‍ॅड-ऑन बसवले नाही, ते वापरकर्तेही वापरकर्तेच आहेत आणि आजवर त्यांच्या बाजूने बोलणारे फारसे कुणी नव्हते.

कोकणकडा

मी तळटीप यांच्या बाजूने आहे. अक्षरबंध सव्वादोन वर्षांची पूर्वसूचना मोजतात, पण ती अ‍ॅड-ऑन लिहिणाऱ्यांना दिलेली होती. सामान्य वापरकर्त्याला पहिली कल्पना आली ती अ‍ॅड-ऑनच्या पानावर नावापुढे ‘लेगसी’ ही पिवळी पट्टी दिसू लागली तेव्हा, म्हणजे अगदी शेवटच्या काही महिन्यांत. बरे, ही अ‍ॅड-ऑन लिहिणारे बहुतेक जण नोकरी सांभाळून फावल्या वेळात, विनामोबदला लिहितात. वर्षानुवर्षे जोपासलेला प्रकल्प त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लिहावा, आणि तोही आवश्यक सोयी अजून तयार नसताना, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

जी अ‍ॅड-ऑन तगली, तीही पूर्ण रूपात तगलेली नाहीत. ट्री स्टाइल टॅब हे अ‍ॅड-ऑन नव्या पद्धतीत आले, टॅब बाजूच्या पट्टीत उभे दिसू लागले, पण वरची मूळ टॅबपट्टी हटवण्याची परवानगी अ‍ॅड-ऑनला नसल्यामुळे तेच टॅब दोन ठिकाणी दिसतात. ती पट्टी घालवायची तर प्रोफाइलच्या (म्हणजे आपले बुकमार्क, सेटिंग वगैरे माहिती साठवणाऱ्या) फोल्डरमध्ये ‘क्रोम’ नावाचे फोल्डर करून त्यात ‘यूजरक्रोम’ ही सीएसएसची (रूप ठरवणाऱ्या नियमांची) फाइल हाताने लिहावी लागते. एवढी खटपट किती जण करतील?

अक्षरबंध

कोकणकडा यांचा टॅबपट्टीचा मुद्दा रास्त आहे. ती सोय मोझिलाने द्यायलाच हवी. परंतु जाहिराती रोखणारे युब्लॉक ओरिजिन वेळेत तयार होते, आणि पानांवरच्या स्क्रिप्ट रोखणाऱ्या नोस्क्रिप्टसारखे गुंतागुंतीचे अ‍ॅड-ऑनही आवृत्ती आल्यानंतर काही दिवसांत नव्या रूपात आले, याचाही विचार व्हावा. नोस्क्रिप्टचे नवे रूप अनेकांना गोंधळाचे वाटते आहे, पण ते चालते आहे. आणि अ‍ॅड-ऑनसाठी आणखी वर्षभर थांबायचे ठरले असते, तर त्या वर्षात गूगलच्या क्रोम ब्राउझरकडे जाणारे लोक परत कसे आणायचे होते? फायरफॉक्स उरला नाही तर त्याची अ‍ॅड-ऑनही उरणार नाहीत.

तळटीप

शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, आणि म्हणूनच मला या निर्णयाची काळजी वाटते. क्रोम सोडून फायरफॉक्सवर राहण्याचे कारण केवळ वेग असेल, तर उद्या दुसरा कुणी वेगवान झाला की लोक तिकडे जातील. दहा-दहा वर्षे टिकून राहिलेले, घरच्यांच्या आणि कार्यालयातल्या सहकाऱ्यांच्या संगणकांवर फायरफॉक्स बसवून देणारे लोक प्रामुख्याने याच अ‍ॅड-ऑनांमुळे टिकले होते. पानकळा यांच्या विद्यार्थ्यांना वेग मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र वेग आणि मुभा यांतले एकच मिळेल, असे मांडणे मला पटत नाही. परवानगी विचारून फायली हव्या तशा उतरवणे, परवानगी विचारून एखादी पट्टी लपवणे, यांत सुरक्षेला बाधा येण्यासारखे काय आहे? प्रक्रिया वेगळ्या केल्या म्हणून या दोन गोष्टी अशक्य होत नाहीत. त्या अग्रक्रमात मागे राहिल्या, एवढेच.

सांजवेळ

चर्चा वाचणाऱ्यांपैकी कुणी जुन्या अ‍ॅड-ऑनांसाठी मागे जाण्याच्या विचारात असतील, तर त्यांनी ५६व्या आवृत्तीवर मुळीच थांबू नये, कारण तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. दीर्घ मुदतीची ५२ ईएसआर ही आवृत्ती जुनी अ‍ॅड-ऑन चालवते आणि तिला २०१८च्या मध्यापर्यंत दुरुस्त्या मिळतील (२०१८मध्ये त्या थांबल्या). विंडोज एक्सपी आणि व्हिस्टा असलेल्या संगणकांसाठी तर हीच शेवटची आवृत्ती आहे, त्यामुळे अशी यंत्रे अजून वापरात असलेल्या शाळांनी आणि कार्यालयांनी पुढची सोय आताच पाहावी.

मात्र ५७ने एकदा उघडलेले प्रोफाइल पुन्हा ५२ला देऊ नका. ५५व्या आवृत्तीपासून माहिती साठवण्याची पद्धत बदललेली असल्याने त्यात बिघाड होऊ शकतो. आधी बुकमार्कांची प्रत काढून ठेवावी, ५२साठी स्वतंत्र प्रोफाइल तयार करावे आणि ते बुकमार्क त्यात आयात करावेत. रोजच्या वापराला ५७ आणि डाउनदेमऑलच्या कामापुरती ५२, अशा दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या फोल्डरांत बसवून एकाच संगणकावर ठेवता येतात.

कोकणकडा

सांजवेळ, आभारी आहे. दोन प्रोफाइलांची व्यवस्था आजच करतो. टॅबपट्टीच्या मागणीसाठी मोझिलाच्या बगझिला या त्रुटी आणि मागण्या नोंदवण्याच्या संकेतस्थळावर नोंद आहे; अक्षरबंध, तुम्हालाही ती मागणी रास्त वाटत असेल तर तिथे तुमचेही मत नोंदवा.

अक्षरबंध

नक्की नोंदवतो. फायली उतरवण्याच्या सोयीसाठी वेगळी नोंद करावी लागेल, आणि तिचा मजकूर तळटीप यांनी लिहावा, कारण त्या कामाची त्यांना माझ्यापेक्षा चांगली माहिती आहे.