बास बोट ७२ मैलांनी पळते म्हणे, पण एरीच्या लाटेत तिचं काय होतं?

गळाला_काय_लागलं:

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या एरी सरोवराच्या पश्चिम भागात, म्हणजे सँडस्की, केलीज आयलंड, बास आयलंड्स या पट्ट्यात मी स्मॉलमाउथ बास मासे धरायला जातो. आतापर्यंत मित्राच्या १७ फुटी अॅल्युमिनियम बोटीत पाहुणा म्हणून. आता स्वतःची घ्यायचं मनात आहे.

एक वापरलेली बास बोट बघून आलो. फायबरग्लासची, २० फूट ९ इंच, मागे बाहेरून लावलेलं २५० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. विकणारा सांगतो की ताशी ७२ मैल आरामात जाते. बायकोने फोटो बघितला आणि एकच प्रश्न विचारला: "हिला काठ कुठेय?" मला उत्तर देता आलं नाही.

तर प्रश्न असे. ३ फुटी लाटांत ही बोट चालते का? वेग जास्त असला की बोट लाटांच्या माथ्यावरून उडत जाते, धक्के बसत नाहीत, असं बंदराच्या धक्क्यावर दोघातिघांनी सांगितलं. त्यात तथ्य किती? की सरळ वॉलआय मासे धरणाऱ्यांसारखी उंच काठांची बोट घ्यावी?

वॉलआयवाला:

बायकोचं ऐका. संपला विषय.

थोडं गंभीरपणे: माझी डीप-व्ही, म्हणजे खोल व्ही आकाराच्या तळाची बोट आहे, पुढे पूर्ण काच, काठ कमरेच्या जवळपास. वेग तुमच्या बोटीच्या दोन तृतीयांश. पण वारा सुटल्यावर बास बोटवाले बेटाच्या आडोशाला थांबलेले असतात तेव्हा मी त्यांच्या शेजारून घरी जातो. हात करतात बिचारे.

जुनी_नावाडीण:

वॉलआयवाले, तुम्ही जाता तेव्हा हात करणाऱ्यांत मीही असते. आडोशाला थांबणं हा बोट चालवण्याचाच भाग आहे, असो.

गळाला, मी एरीवर बरीच वर्षं २० फुटी बास बोट चालवते. तुमच्या प्रश्नांची उत्तरं एका वाक्यात होणार नाहीत, चहा घेऊन बसा.

आधी काठाचं. काठ नाही हे खरं, आणि तो नाही हे मुद्दामच. या बोटी निघाल्या त्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शांत, झाडंझुडपं बुडालेल्या पाण्यासाठी. पहिली बास बोट १९४८ साली लुइझियानात बनली, ती अशाच पाण्यासाठी. उभ्याने चहूकडे गळ टाकता यावा, मासा वाकून उचलता यावा, वाऱ्याने बोट ढकलली जाऊ नये, म्हणून सपाट डेक आणि ठेंगणी बाजू. एरीवर ती आपण आणली. दोष बोटीचा नाही, पण पाणी तिच्या हिशोबाचं नाही एवढं लक्षात ठेवायचं.

आता ७२ मैल कुठून येतात ते बघा. तळाला मागच्या बाजूला मधोमध एक अरुंद सपाट पट्टी असते, तिला पॅड म्हणतात. ताशी साठ मैलांच्या पुढे बोट त्या पॅडवर आणि प्रॉपवर (इंजिनाच्या पंख्यावर) तोललेली असते, बाकीचा हल, म्हणजे बोटीचं अंग, हवेत. पाण्याला घासणारा भाग कमी, म्हणून वेग. पण तळाची जी व्ही लाट कापते, ती पुढे असते, आणि नेमकी तीच तेव्हा पाण्याबाहेर असते. खवळलेल्या पाण्यासाठी डीप-व्ही का चालतो? तिथे ती व्ही थेट मागेपर्यंत तशीच खोल जाते. रे हंट या बोटींच्या रचनाकाराने आखलेल्या २४ अंशांच्या तळाची बोट १९६० ची मायामी-नासाऊ मोटरबोट शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली, तेव्हापासून ही गोष्ट सगळ्यांना पटली. तेवढा खोल व्ही दिला की त्याच इंजिनावर वेग कमी होतो. दोन्ही एकदम मिळत नाही.

"उडत जाते" हे अर्धं खरं आहे. फूटभर चोप, म्हणजे बारीक आखूड लाटा, असेल तर ४५ ला बोट ३० पेक्षा मऊ चालते, माथ्यांवरून सरकते. धक्क्यावरच्या लोकांनी तेच अनुभवलंय. दोन फुटांच्या पुढे ते संपतं. एरी हे पाच महासरोवरांत सगळ्यात उथळ, सरासरी खोली ६२ फूट, आणि आपल्या पश्चिम भागात तर २४ च्या आसपास. लाटा आखूड आणि खड्या उठतात. दर ३ सेकंदांनी येणाऱ्या लाटेचे दोन माथे साधारण ४६ फुटांवर असतात आणि लाट स्वतः ताशी १० मैलांनी तुमच्याकडे येते. तुम्ही समोरून २० ने गेलात तर साधारण दर सेकंदाला एक लाट. ६० ने गेलात तर सेकंदाला दोनांहून जास्त, आणि प्रत्येक वेळी दीड-दोन टनांची बोट हवेतून खाली येणार. वेग दुप्पट झाला की आपटण्याचा जोर चौपटीच्या हिशोबाने वाढतो. मणक्याला तो हिशोब बरोबर कळतो. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याला आणखी लवकर कळतो, कारण त्याच्या हातात स्टिअरिंग नसतं आणि पुढची लाट कधी लागणार ते त्याला कुणी सांगत नाही.

म्हणून माझं म्हणणं: विकणाऱ्याला ७२ विचारू नका. त्याला विचारा, ही बोट कमीत कमी किती वेगाला प्लेनवर, म्हणजे पाण्यावर उचलून सरकत, टिकते? लाटांत कामाचा आकडा तोच. १८-२० मैलांना जी बोट नाक खाली ठेवून प्लेनवर राहते, ती तीन फुटांतून तुम्हाला घरी आणते. जी २७ च्या खाली आली की बसते, तिच्यात तुमच्यापुढे दोनच रस्ते: २७ ने आपटत जा, नाहीतर मागची बाजू बुडवून, नाक आभाळाकडे करून, पुढचं काही न दिसता रांगत जा. दुसरा प्रकार फार वाईट. ट्रान्सम, म्हणजे मागची भिंत, आधीच ठेंगणा, त्यात मागून लाट आली तर सरळ आत.

हा आकडा बदलता येतो. चार पात्यांचा स्टीलचा प्रॉप मागची बाजू उचलून धरतो, वरचे दोन-चार मैल जातात, पण खाली बोट लवकर बसत नाही. एरीवर राहायचं तर तोच लावा. जॅक प्लेट (इंजिन वर-खाली करायची) खाली, ट्रिम (इंजिनाचा कल) आत. मग समोरच्या लाटेला नाक किंचित वर येईल एवढाच ट्रिम बाहेर. किती, हे पुस्तकात नाही, बोटीच्या आवाजात आहे: धप्प असा बोदा आवाज आला तर नाक जास्त वर आहे, पुढून पाणी फवारत अंगावर यायला लागलं तर जास्त खाली. सरळ समोरून न जाता लाटेला थोडं तिरकं घेतलं की दोन माथ्यांमधलं अंतर वाढतं आणि बोट श्वास घेते. घर सरळ समोर असलं तरी नागमोडी जायचं.

गळाला_काय_लागलं:

ताई, आवाजाचा मुद्दा भारी. पण भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. नाक पाण्यात घुसलं तर? आणि आत पाणी भरलं तर ही बोट तरंगते का?

जुनी_नावाडीण:

नाक घुसतं ते बहुतेक जाताना नाही, येताना. लाटा मागून असतात, धक्के बसत नाहीत, माणूस निर्धास्त होतो आणि थ्रॉटल पुढे जातो. बोट लाटेपेक्षा जोरात असते, म्हणून तिच्या पाठीवर चढते, माथ्यावरून घसरते आणि पुढच्या लाटेच्या पाठीत नाक खुपसते.

एकदा मी शेजारच्या खुर्चीवरून हे पाहिलंय. पुढच्या डेकवर हिरवट पाण्याची जाड चादर चढली, ट्रोलिंग मोटरच्या, म्हणजे नाकावरच्या छोट्या विजेच्या मोटरच्या, माउंटवर आपटून दुभंगली आणि कन्सोलच्या वीतभर काचेवरून थेट छातीवर आली. क्षणभर बोट जागच्या जागी थांबल्यासारखी झाली. डेकवरच्या दोन रॉड गेल्या. मग पायाशी घोट्याएवढं पाणी आणि मागून तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची घरघर. चालवणाऱ्याने त्या वेळी थ्रॉटल एकदम सोडला नाही म्हणून निभावलं. सोडला असता तर बोट बसली असती आणि आपल्याच मागून येणारी लाट ट्रान्समवरून आत आली असती. त्याने नाक ट्रिमने वर घेतलं आणि हळूहळू पाणी मागे वाहू दिलं.

लाटा मागून असतील तर ट्रिम बाहेर, नाक वर, आणि शक्यतो एकाच लाटेच्या पाठीवर बसून यायचं, ती ओलांडायची नाही. जड सामान पुढच्या लॉकरमधून मागे हलवा. शिशाची वजनं, आमिषांचे डबे, नांगर, हे सगळं पुढे भरून लोक नाक जड करतात आणि मग बोटीला नावं ठेवतात.

पंप_चालू_आहे:

तरंगण्याबद्दल मी सांगतो. अमेरिकेच्या कायद्यात २० फुटांखालच्या आउटबोर्ड बोटीला पाण्याने भरली तरी न कलंडता सपाट तरंगत राहील एवढा फोम घालावाच लागतो. तुमची २० फूट ९ इंच, म्हणजे ती सक्ती तिला लागू नाही! किती वजन चालेल ते लिहिलेल्या कपॅसिटी प्लेटचंही तेच, ती सक्ती २० फुटांखालीच. बऱ्याच कंपन्या मोठ्या बोटींतही फोम भरतात, पण हे त्या मॉडेलपुरतं विचारून घ्या.

बिल्ज पंप दोन हवेत, वेगवेगळ्या स्विचवर. बोट विकत घेण्याआधी मागच्या झाकणातून चार बादल्या पाणी ओता आणि पंप किती वेळात काढतो ते बघा. विकणारा नाराज झाला तर होऊ दे.

चालवणारा पडला की इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटीत प्लेनवर असताना कायद्यानेच लावावी लागते. दोरी लाइफ जॅकेटला अडकवा, खिशाला नको. तीन फुटी लाटांत माणूस बाहेर फेकला जाणं ही कल्पना नाही. आणि ट्रोलिंग मोटरला पट्टा. नाही बांधला तर आपटून आपटून माउंटच सुटतो.

हॉट फूट, म्हणजे पायाने दाबायचा थ्रॉटल, असेल तर काढून टाका असं माझं मत. लाटेत पाय उडतो आणि उडेल तसा थ्रॉटल चालू-बंद होतो.

जुनी_नावाडीण:

हॉट फूटवर असहमत. दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात हा फायदा मोठा आहे. टाच फळीवर टेकवून फक्त पंजाने दाबलं तर पाय उडत नाही. पण सवय लागेपर्यंत पंप यांचं खरं, हाताचा थ्रॉटल बरा.

एक राहिलं. अंदाज वाचताना सावध. हवामान खात्याच्या नियरशोअर, म्हणजे किनाऱ्याजवळच्या, अंदाजात "२ ते ४ फूट" लिहिलेलं असतं ती सिग्निफिकंट वेव्ह हाइट असते, म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून त्याच्या जवळपास दुप्पट लाट येऊ शकते. तुम्ही "३ फूट" म्हणता त्या दिवशी एखादी साडेपाचाची भेटणार, आणि ठेंगण्या बोटीला हिशोब तिचाच करावा लागतो. निघण्यापूर्वी सरोवरात तरंगणाऱ्या ४५००५ नंबरच्या मोजणी-बॉयवर लाटेची उंची आणि पिरियड (दोन लाटांमधले सेकंद) दोन्ही बघा. ३ फूट ६ सेकंदांनी म्हणजे मजेत जाल. ३ फूट ३ सेकंदांनी म्हणजे धक्क्यावरच कॉफी प्या. आणि ईशान्येचा वारा असेल तर उंचीचा आकडा लहान दिसला तरी नका जाऊ. त्याला अख्खं सरोवर लांबीला मिळतं, दोनशेहून जास्त मैल, आणि आपण त्याच्या शेवटच्या टोकाला बसलोय.

वॉलआयवाला:

एवढं सगळं वाचून माझी बोट मला आणखीच आवडायला लागली.

जुनी_नावाडीण:

तीत उभं राहून दिवसभर स्मॉलमाउथला गळ टाकून दाखवा. कमरेएवढ्या काठावरून, वारा त्या काचेला धरून बोट फिरवत असताना.

वॉलआयवाला:

बरं, हे मान्य. वाऱ्यात माझी बोट एका जागी ठेवायची म्हणजे ट्रोलिंग मोटरची बॅटरी दुपारपर्यंत गार.

गळाला_काय_लागलं:

सगळ्यांचे आभार. विकणाऱ्याला फोन केला, कमीत कमी प्लेनिंग वेग विचारला. तो म्हणाला, "असं कुणी विचारत नाही." प्रॉप तीन पात्यांचा आहे. शनिवारी चाचणीला नेतो म्हणाला, सकाळी सहाला, पाणी सपाट असताना.

जुनी_नावाडीण:

दुपारी दोनची वेळ मागा. १२ नॉट वारा असेल असा दिवस निवडा, आणि आधी तुम्ही शेजारच्या खुर्चीवर बसा.