अपठित कवितेचे रसग्रहण : अलंकार नंतर

अपठित कवितेचे रसग्रहण लिहिताना अलंकार आधी शोधून मग अर्थाकडे वळावे, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. नौपाड्यात मुलांच्या वह्या तपासताना ‘येथे अनुप्रास आहे’ हे वाक्य सारखे भेटते. त्या अनुप्रासाने साधले काय, याचा मात्र पत्ता नसतो. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाच्या साहित्य विषयाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत 20 पैकी 5 गुण विश्लेषण आणि मूल्यमापनाला असतात, ते अशा याद्यांना मिळत नाहीत. दोन कडवी ‘आम्ही’ म्हणणारा निवेदक तिसऱ्यात अचानक ‘मी’ म्हणू लागला, तर सगळे लेखन त्या वळणाभोवती उभे करावे, आणि यमकही नेमके तिथेच तुटत असेल, तरच त्याची दखल घ्यावी. गद्यात असे वळण दाखवण्याचे काम बहुधा क्रियापदांचे काळ करतात.