शब्दचर्चा: ‘प्रोग्रेसिव्ह’ रॉक आणि ‘प्रोग्रेसिव्ह’ मेटल, मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही आठ-दहा जण कुणाच्या तरी घरी जमतो आणि अख्खा अल्बम ऐकतो. मध्ये कुणी बोलत नाही. आधी वाटायला मराठीतून पानभर टिपण करायचं काम माझ्याकडे असतं. या वेळी दोन अल्बम होते: येस या ब्रिटिश बँडचा ‘क्लोज टू द एज’ (१९७२) आणि ड्रीम थिएटर या अमेरिकन बँडचा ‘इमेजेस अँड वर्ड्स’ (१९९२). पहिला प्रोग्रेसिव्ह रॉक, दुसरा प्रोग्रेसिव्ह मेटल (मेटल म्हणजे जड, फाटलेल्या आवाजाच्या गिटारांचं संगीत). मी दोन्हीकडे ‘पुरोगामी’ लिहिलं.

टिपण हातात पडताच आमच्यातले ज्येष्ठ काका म्हणाले, हा शब्द फुले-शाहू-आंबेडकरांच्या विचाराचा आहे, तो इथे नको. भाच्याची हरकत निराळी होती. “मावशी, शब्द कुठलाही घे, पण दोन्हीकडे एकच घेऊ नकोस. काकांचं प्रोग्रेसिव्ह वेगळं, आमचं वेगळं.” काकांच्या हरकतीवर शब्द बदलता येईल. भाच्याची हरकत मला अजून सुटलेली नाही. विशेषण एक आणि अर्थ दोन, असं खरंच आहे का?

प्रतिसाद १

ताई, व्युत्पत्तीनं तुमचा शब्द चूक नाही. पुरोगामी म्हणजे पुढे चालणारा. पण शब्द व्युत्पत्तीवर जगत नाही, वापरावर जगतो. ‘प्रगतिशील’ घ्यावा तर १९३६ च्या प्रगतिशील लेखक संघापासून तो साहित्यातल्या एका भूमिकेचा झाला. ‘प्रागतिक’ तर एके काळी मवाळांच्या राजकारणाला लावत. तिन्ही जागा भरलेल्या आहेत.

इंग्रजीतही या विशेषणाला संगीतात आधीचा इतिहास आहे. स्टॅन केंटननं १९४० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या मोठ्या वाद्यवृंदाच्या संगीताला ‘प्रोग्रेसिव्ह जॅझ’ म्हटलं होतं. पुढे साठचं दशक संपताना ब्रिटनमध्ये हा शब्द रॉकला लागला. तेव्हा त्याचा अर्थ साधा होता: तीन मिनिटांचं, नाचता येईल असं गाणं ही चौकट सोडून पुढे जाणारं संगीत. त्या अर्थाला मराठीत ‘प्रयोगशील’ हा शब्द नेमका बसतो.

आणखी एक. एक समज असा दिसतो की यातलं ‘प्रोग्रेसिव्ह’ कॉर्ड प्रोग्रेशनवरून, म्हणजे स्वरसंघांच्या पुढे सरकण्यावरून आलं. तसं नाही.

प्रतिसाद २

मी तुमच्या काकांच्या पिढीचा. आम्हाला प्रोग्रेसिव्ह म्हणजे काय वाटायचं ते सांगतो, म्हणजे भाच्याचं म्हणणं तपासता येईल.

आमच्या कानांना ओढ होती ती बाहेरून आत आलेल्या गोष्टींची. इमर्सन, लेक अँड पामर मुसोर्गस्कीची पियानोरचना घेऊन न्यूकॅसलच्या रंगमंचावर उभे राहिले आणि ते ध्वनिमुद्रण १९७१ मध्ये अल्बम म्हणून आलं. जेथ्रो टल या बँडनं रॉकमध्ये बासरी पुढे आणली, आणि १९७२ मध्ये तर रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून एकच रचना दिली. त्याच वर्षी जेनेसिसची ‘सपर्स रेडी’ आली, जवळजवळ २३ मिनिटांची. रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात. ती जागा या लोकांनी कादंबरीच्या प्रकरणासारखी वापरली. तुम्ही लावलेल्या येसच्या अल्बमची पहिली बाजूही एकाच रचनेची आहे.

आणि मेलोट्रॉन! दिसायला ऑर्गन, पण प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा तुकडा, त्यावर खऱ्या व्हायोलिनांचा किंवा बासरीचा स्वर. पट्टी दाबली की फीत चालते, आठेक सेकंदांत संपते, सोडली की मागे जाते. म्हणजे स्वर हवा तेवढा लांबवताच येत नाही. फितीचा थोडा कंप स्वरातही उतरतो. किंग क्रिम्सनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर तो दाटून येतो तेव्हा आजही माझ्या घशाशी काहीतरी येतं. चुकत-माकत चालणाऱ्या यंत्रातून एवढं भव्य काही निघतं, याचं मला फार मोल वाटतं.

मेटलमध्ये मला ही ऊब सापडत नाही. सगळं घट्ट, चोख, मिनिटाला शंभर करामती. आपल्या बैठकीतला शब्द वापरायचा तर तयारी फार, पण तयारीनंतर काय?

प्रतिसाद ३

काका, तुम्ही ‘तयारी’ हा शब्द आणलात ते बरं केलंत. माझं उत्तर त्याच शब्दात आहे.

पेट्रूची, म्युंग आणि पोर्टनॉय या तिघांनी १९८५ मध्ये बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकत असताना ड्रीम थिएटर सुरू केलं. तिथल्या सरावखोल्यांतली शिस्त त्या संगीतात ऐकू येते, आणि मला ती आवडते. पण आमची आवड फक्त वेगाची नाही. स्वीडनच्या मेशुगा या बँडचं उदाहरण घ्या. ढोलकाराचा एक हात झांजेवर चार-चार मोजत सरळ जातो. खाली पायाचा ढोल आणि गिटार यांचं चक्र वेगळ्याच विषम लांबीचं. दोन्ही एकमेकांपासून सरकत जातात, कान हरवतो, आणि मग पुष्कळ आवर्तनांनंतर दोघं एका ठोक्यावर येऊन भेटतात. त्या क्षणी मेटलच्या गर्दीत सगळ्यांची मान एकदम हलते. सवाई गंधर्वच्या मांडवात समेला हलते तशीच. ही लयकारीच आहे, काका. लयकारीत भाव नसतो असं तबला ऐकणारा कुणी म्हणेल का?

आवाजाबद्दलही लिहायचं आहे. मेटलमधल्या खरखरीत गायनाला, म्हणजे ग्राऊलिंगला, मराठीत सर्रास ‘किंचाळणं’ म्हणतात. किंचाळणं वरच्या पट्टीत असतं. हा आवाज खालचा, छातीतून उठल्यासारखा. ‘गुरगुरणं’ म्हणा, निदान दिशा बरोबर राहते.

आता मावशींचा मूळ प्रश्न. काका, तुमच्याकडे पुढे जाणं म्हणजे बाहेरचं आत घेणं होतं. आमच्याकडे पुढे जाणं म्हणजे हातात असलेलंच आणखी बारीक, आणखी गुंतागुंतीचं करत नेणं. पहिल्याला ‘प्रयोगशील’ म्हणा. दुसऱ्याला मी ‘प्रगत’ म्हणेन, प्रगत गणित म्हणतात त्या अर्थानं.

प्रतिसाद ४

‘प्रगत’ला माझा विरोध आहे. त्यात बाकीचे मागास ठरतात. साधा तीन स्वरसंघांचा रॉक मागास नाही.

मात्रांबद्दल एक सूचना. टिपणात सम-विषम तालाचं उदाहरण द्यायचं तर पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ (१९७३) घ्या. त्यातली खर्जाची गत सात मात्रांची आहे. सॅक्सोफोनचा तुकडाही सातातच, आणि गिटारचा तुकडा सुरू होताच चाल चारात जाते. मराठी श्रोत्याला हे बोटांवर मोजता येतं. फक्त ‘हा रूपक’ असं लिहू नका. मात्रा सात म्हणून रूपक होत नाही, त्याचे ३-२-२ खंड आणि समेवरची खाली ही वेगळी गोष्ट आहे.

प्रतिसाद ५

प्रतिसाद २ आणि ३ मध्ये केलेली वाटणी ऐकायला सुबक आहे, पण रेकॉर्डी तिला जुमानत नाहीत. किंग क्रिम्सनच्या ज्या अल्बमवर मेलोट्रॉन आहे, त्याचंच पहिलं गाणं फाटलेल्या आवाजाचं आणि जड गिटारचं आहे. त्यांचा १९७४ चा ‘रेड’ आज मेटल ऐकणाऱ्या मुलाला लावून दाखवा, त्याला तो परका वाटणार नाही. कॅनडाच्या रशनं १९७६ मध्ये ‘२११२’ची पहिली अख्खी बाजू एका कथेला दिली आणि गिटार मात्र हार्ड रॉकची ठेवली. ते कुठल्या रकान्यात लिहाल?

उलट दिशेनंही पाहा. स्वीडनच्याच ओपेथ या मेटल बँडचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ (२००१) गुरगुरणारा आणि हळवा, दोन्ही एकदम. त्याच्या निर्मितीत पोर्क्युपाइन ट्री या ब्रिटिश बँडचा स्टीव्हन विल्सन होता. हाच विल्सन पुढे किंग क्रिम्सन, येस, जेथ्रो टल यांचे जुने अल्बम नव्यानं मिक्स करत बसला. २००९ च्या डिसेंबरात पोर्क्युपाइन ट्री पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजवून गेले, त्यामुळे इकडच्या पुष्कळ जणांना हे दोन्ही किनारे एकाच पुलावरून दिसले.

मग २०११ मध्ये ओपेथनं ‘हेरिटेज’ काढला. गुरगुरणं पूर्ण बंद, सत्तरच्या दशकाचा नाद पूर्ण सुरू. श्रोते दुभंगले. काही म्हणाले बँड मागे गेला, काही म्हणाले आजवरचं सगळ्यात धाडसी पाऊल. दोघांच्याही तोंडी शब्द एकच, प्रोग्रेसिव्ह. मला वाटतं गाठ इथे आहे. एक गट तो विशेषण म्हणून वापरतो: हा बँड काल होता तिथून आज पुढे गेला का? दुसरा गट नाम म्हणून: लांब रचना, विषम मात्रा, मेलोट्रॉन अशी ठरलेली लक्षणं असलेली शैली. ‘रॉक विरुद्ध मेटल’ अशी ही फूट नाही. ती दोन्ही गटांच्या आत आहे.

आपल्याकडे ‘प्रायोगिक’चं हेच झालं. दादरच्या छबिलदास शाळेत नाटकं होत तेव्हा प्रायोगिक म्हणजे खरोखर प्रयोग करून पाहणारं. पुढे तो एका प्रवाहाचा शिक्का झाला. आता नाटकात नवं काहीही नसलं तरी प्रेक्षागृह छोटं आणि नेपथ्य मोजकं असलं की प्रायोगिक म्हणतात. कुणी चूक करत नाही. विशेषणाचं नाम होताना अर्थ गोठतो, एवढंच.

प्रश्नकर्ती

सगळ्यांची आभारी आहे. छबिलदासच्या उदाहरणानं मला वाट मिळाली. टिपण असं बदललं: शैलीचं नाव म्हणून दोन्हीकडे ‘प्रॉग’ हे प्रोग्रेसिव्हचं इंग्रजी लघुरूप ठेवलं, प्रॉग रॉक आणि प्रॉग मेटल, भाषांतर न करता. नामाचं भाषांतर कशाला? आणि ‘प्रयोगशील’ हे विशेषण वेगळं ठेवलं, ते एकेका अल्बमपुरतं, आणि का म्हणते ते लगेच पुढच्या वाक्यात. येसबद्दल ते लिहिलं. ड्रीम थिएटरबद्दलही लिहिलं, कारण १९९२ मध्ये त्या जड गिटारांशेजारी एवढा कीबोर्ड आणि एवढा मृदू आवाज मेटलमध्ये सर्रास नव्हता. भाच्याला ते पटलं. काकांना अर्धं.

लिहिताना एक नवीन अडचण मात्र आली. ‘प्रॉग ऐकलं’ की ‘प्रॉग ऐकला’? मेटल मी नपुंसकलिंगी लिहिते, मनात ‘संगीत’ धरून. रॉक दोन्ही प्रकारे कानावर येतो. आणि रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून? आमच्याकडे निम्मे ‘ती रिफ’ म्हणतात, निम्मे ‘तो रिफ’. गिटार वाजवणाऱ्यांनी सांगावं, तुमच्या सरावाच्या खोलीत काय म्हणता?

प्रतिसाद ३

मावशी, आम्ही ‘ती’ म्हणतो. ‘ती सातची रिफ परत घे.’