काइटसर्फिंगची आखणी: वाऱ्याच्या जुन्या नोंदी पाहाव्यात की अंदाज?

प्रश्न – किनाराप्रेमी

मला काइटसर्फिंगसाठी (मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावरून सरकण्याच्या खेळासाठी) एक आठवड्याची रजा काही महिने आधी मागावी लागते. त्यासाठी मी संकेतस्थळांवर महिनावार सरासरी वारा पाहतो; पण ज्या महिन्याला जाणकार मंडळी सर्वोत्तम म्हणतात, त्याचीच सरासरी तिथे जेमतेम ११ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) दिसते. शिवाय प्रत्यक्ष दिवस जवळ आला की दोन ॲप दोन वेगळे आकडे दाखवतात. आधी कशाच्या आधारे ठरवावे आणि ऐन वेळी कशावर विसंबावे, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ – नोंदवही

महिन्याची सरासरी या कामासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तिच्यात रात्रीचे तास धरलेले असतात. जिथे खारे वारे वाहतात, तिथे पहाटे ५ नॉट आणि दुपारी १८ नॉट हे नेहमीचे चित्र असते. त्यांची सरासरी ११-१२ नॉट येणारच, आणि तेवढा वारा प्रत्यक्षात कदाचित दिवसातून तासभरच असेल. म्हणून तासागणिक नोंदी मिळवाव्यात, त्यांतून फक्त दिवसाउजेडीचे तास वेगळे काढावेत आणि किती दिवशी सलग किमान दोन तास वारा आपल्या पतंगांना मानवेल इतका, समजा १४ ते २५ नॉट, आणि योग्य दिशेने वाहत होता, हे मोजावे. ही मोजणी प्रत्येक वर्षाची स्वतंत्र ठेवावी. एखाद्या महिन्यात दरवर्षी साधारण १५ दिवस मिळत असतील, आणि दुसऱ्यात एका वर्षी २५ तर पुढच्या वर्षी पाचच, तर आधीपासून रजा मागणाऱ्याने पहिलाच महिना निवडावा.

नोंदींचे स्रोत मुख्यतः दोन आहेत. युरोपीय हवामान केंद्राच्या ‘ईआरए५’ या जुन्या हवामानाच्या संचात १९४० पासूनचा तासागणिक वारा मोफत मिळतो. मात्र त्यात नकाशाच्या प्रत्येक चौकटीला एकच आकडा असतो आणि एक चौकट सुमारे ३१ किलोमीटरची असल्यामुळे किनाऱ्यावर जमीन आणि पाणी एकाच चौकटीत येतात आणि खारे वारे बोथट होऊन दिसतात. दुसरा स्रोत म्हणजे जवळच्या विमानतळाचे ‘मेटार’ अहवाल, म्हणजे तिथल्या हवामानाच्या सांकेतिक भाषेतील नियमित नोंदी. त्यात ‘२४०१६जी२७केटी’ असे लिहिलेले असेल, तर वारा २४० अंशांकडून, म्हणजे नैर्ऋत्य-पश्चिमेकडून, १६ नॉटने येत असून त्याचे झोत (क्षणभर वाढणारा जोर) २७ नॉटपर्यंत जात आहेत. यातली एक गोम ध्यानात घ्यावी: आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे झोत सरासरीपेक्षा १० नॉट किंवा त्याहून अधिक असतील तरच ते लिहिले जातात, त्यामुळे ‘जी’ नसणे म्हणजे वारा एकसारखा असणे नव्हे. दोन्ही स्रोतांतील वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात. त्या स्थानिक वेळेत न बदलता आलेख काढला, तर दुपारचा वारा भलत्याच वेळी दिसतो आणि आपण किनारा बदनाम करून मोकळे होतो.

प्रतिसाद २ – पश्चिमवारा

अंदाजाच्या बाबतीत ॲपचे नाव न पाहता त्यामागचे मॉडेल, म्हणजे अंदाज काढणारी संगणकीय प्रणाली, पाहावे, कारण एकच ॲप अनेक मॉडेलांचे आकडे देऊ शकते. अमेरिकेचे ‘जीएफएस’ दिवसातून चार वेळा चालवले जाते; त्यामुळे एका ॲपमध्ये सकाळची आणि दुसऱ्यात आदल्या रात्रीची आवृत्ती असेल, तर एकाच मॉडेलचे दोन आकडे दिसतात. आठ-दहा दिवस आधी नेमका आकडा वाचण्यात अर्थ नसतो. त्या टप्प्यावर किंचित वेगळ्या सुरुवातींपासून काढलेले अनेक अंदाज एकत्र पाहावेत. युरोपीय केंद्राच्या अशा संचात ५१ अंदाज असतात. ते सर्व १५ ते २० नॉटच्या आसपास असतील, तर बेत आखण्यास हरकत नाही; ते ५ पासून २५ पर्यंत पसरलेले असतील, तर त्यांची सरासरी काढून समाधान मानू नये.

दोन दिवसांवर आल्यावर मात्र बारीक जाळीची, म्हणजे लहान चौकटींची, प्रादेशिक मॉडेले सरस ठरतात, कारण खारे वारे जमीन आणि पाणी यांच्या तापमानातील फरकावर चालतात आणि स्थूल जाळीला किनाऱ्याची रेषाच नीट दिसत नाही. अंदाजात सकाळी दाट ढग दाखवले असतील, तर जमीन पुरेशी तापणार नाही आणि दुपारचा वारा अशक्त राहील, एवढे अनुमान आपले आपणही काढू शकतो. निघण्यापूर्वी किनाऱ्यालगतच्या वाऱ्यामापकाची थेट नोंद पाहावी. तो इमारतीच्या किंवा झाडीच्या आड असेल, तर त्या दिशेचा वारा तो कमीच सांगणार.

प्रतिसाद ३ – दोरखंड

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. फक्त झोतांचा मुद्दा अधिक ठासून मांडायला हवा. पतंगाची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १६ नॉटच्या हिशेबाने उडवलेल्या पतंगावर २७ नॉटचा झोत आला की ओढ जवळजवळ तिप्पट होते. म्हणून पतंगाचे माप ठरवताना सरासरी आणि झोत हे दोन्ही आकडे पाहावेत, आणि त्यांतील अंतर मोठे असेल तर नवख्याने किनाऱ्यावरच थांबावे. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल किंवा अंदाजात गडगडाटी ढग असतील, तर वेग कितीही मनाजोगता दिसला तरी तो दिवस मी मोजणीतच धरत नाही.

किनाराप्रेमी

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. एक शंका उरते: आमच्याकडे अंदाजापेक्षा प्रत्यक्ष वारा बहुधा जास्त असतो, तर सरसकट ३-४ नॉट मिळवून चालेल का?

पश्चिमवारा

सरसकट मिळवू नयेत. आदल्या संध्याकाळचा अंदाज आणि दुसऱ्या दिवशीची वाऱ्यामापकाची नोंद शेजारी शेजारी लिहून ठेवावी आणि दिशेनुसार त्यांचे गट करावेत. भूशिराला वळसा घालून येणारा वारा अंदाजापेक्षा बराच वाढतो, तर टेकडीवरून उतरणारा त्याच अंदाजाला तुटक आणि अशक्त असतो. दोघांना एकच दुरुस्ती लावली, तर दोन्हीकडे चूक होते. एका हंगामाच्या नोंदी झाल्या की दुरुस्तीचा आकडा प्रत्येक दिशेसाठी वेगळा काढता येईल.