ब्रिज पिकअप फार किरकिरतो, कॉइलचे वेढे कमी करू का?

सहावी_तार: जुनी स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) घाटाची इलेक्ट्रिक गिटार घेतलीय. आधीच्या मालकाने अल्निको ५ चुंबकांचे सिंगल कॉइल पिकअप (तारेची थरथर पकडणारी एकेरी गुंडाळी) बसवलेत. नेकवर (गिटारच्या मानेजवळच्या पिकअपवर) आवाज गोड, पण ब्रिजवर (तारा अडकवतात तिकडच्या) गेलं की ताटावर चमचा खरवडल्यासारखा. शिवाय जाड ई तार बाराव्या फ्रेटच्या पुढे वाजवली की सूर डुलतो, ट्यूनरही गोंधळतो. मल्टिमीटरवर ब्रिज ५.९ किलोओहम दाखवतो. दोन-तीनशे वेढे सोडले तर आवाज मऊ होईल ना? नव्या पिकअपचे पैसे नाहीत.

खर्ज_आणि_सोल्डर: हात जोडतो, वेढे सोडू नका. होईल उलटंच. वेढे कमी झाले की कॉइलचा इंडक्टन्स घटतो, रेझोनन्स (कॉइल ज्या सुरांना सर्वात जास्त उचलते ती जागा) वर सरकतो, म्हणजे आवाज आणखी टोकदार आणि वर बारीक. त्यातून ती तार ०.०६ मिमीची. मी एकदा हौसेने उलगडायला घेतली, तिसऱ्या मिनिटाला तुटली. आतलं टोक शोधण्यात रविवार गेला.

डुलणारा सूर म्हणजे चुंबकाची ओढ. अल्निकोमध्ये पोल (तारांखालचे गोल खुंटे) हेच चुंबक असतात, जवळ आले की तारेला मोकळं हलू देत नाहीत. आधी स्क्रूड्रायव्हर घ्या. दोन्ही ई तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून पोलपासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा: जाड बाजूला २ मिमी, बारीक बाजूला १.६ च्या आसपास. नेकवाला तर आणखी खाली गेला तरी बिघडत नाही.

आता किरकिर. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये ब्रिजला टोन नॉबच नसतो! पिकअप निवडायच्या स्विचवर टोनच्या बाजूला ब्रिजचा पाय रिकामा दिसेल. मधल्या पिकअपच्या पायापासून तिथवर इंचभर वायर सोल्डर करा, खालचा टोन नॉब दोघांनाही लागू होईल. खर्च शून्य.

रीळवाला: पिकअप मेणात बुडवून बघा की. मी ऐकलंय आवाज उबदार होतो.

खर्ज_आणि_सोल्डर: मेण शिट्टी थांबवायला, कॉइलचे वेढे आत थरथरतात तेव्हा. टोनसाठी नव्हे. आणि करायचंच तर पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून, ६५ अंशांच्या वर नाही. मी थेट गॅसवर ठेवलं होतं, बॉबिनचा पापड झाला. भांडं आईचं होतं, ते वेगळं.

सहावी_तार: मोजलं. नेक पिकअप जाड तारेला जेमतेम १ मिमीवर होता! खाली घेतला, डुलणं गेलं. जंपरही (ती इंचभर वायर) लावला, टोन ६ वर ठेवला की ब्रिज ऐकवतो. फक्त ट्यूबलाइट लावली की घूंऽऽ येतं.

खर्ज_आणि_सोल्डर: सिंगल कॉइल आहे, येणारच. स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागी ठेवून बघा, तिथे दोन पिकअप एकत्र वाजतात. तिथे घूं गेलं तर मधला पिकअप उलट गुंडाळलेला आहे, नशीबवान आहात. नाही गेलं तर पिकगार्ड (पिकअप बसवलेली प्लॅस्टिकची पाटी) उघडा, आतून तांब्याची पट्टी चिकटवा आणि तिला अर्थ जोडा. पट्टी मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत विचारा.